जपानला कधी यावं? ऋतूंप्रमाणे प्रवास ठरवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली बारा वर्षं टोकियोत, निशी-कासाई भागात राहते. दर वर्षी दिवाळीचा फराळ संपत आला की सातारा, पुणे, डोंबिवलीहून फोन सुरू होतात. "यंदा यायचं म्हणतोय, कोणत्या महिन्यात येऊ?" पूर्वी मी लगेच महिना सांगून मोकळी व्हायचे. आता आधी विचारते, "तुम्हाला सुट्टी कधी मिळतेय?" कारण मुलांची परीक्षा, ऑफिसची रजा, घरचं लग्नकार्य यातून महिना बहुधा ठरलेलाच असतो. तो बदलता येत नाही, पण जपानातलं गाव बदलता येतं. हा देश उत्तर-दक्षिण इतका लांब पसरलाय की दक्षिणेच्या ओकिनावात जानेवारीत फुललेला साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, उत्तरेच्या होक्काइडोत पोचेपर्यंत मे उजाडतो. शिवाय समुद्रसपाटीवर एक ऋतू चालू असतो आणि तीन तासांवरच्या डोंगरात दुसराच. तेव्हा आपला महिना धरायचा आणि त्या महिन्यात जपान कुठे बहरात आहे ते बघायचं. खालची सगळी उत्तरं याच धोरणाने लिहिली आहेत.

पहिल्यांदाच येतोय. एकच काळ सांगायचा तर कोणता?

८ मेपासून महिनाअखेरपर्यंत. हवा आपल्याकडच्या डिसेंबरातल्या सकाळसारखी, ऊन स्वच्छ, झाडं नुकती पालवलेली, पावसाला अजून अवकाश आणि मोठ्या सुट्टीची गर्दी ओसरलेली. महाराष्ट्रातल्या शाळांनाही तेव्हा सुट्टी असते. साकुरा नसतो हे खरं. पण साकुरा सोडून जे जपान आहे ते बघायला याहून चांगले तीन आठवडे नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

साकुरा नेमका कधी फुलतो?

सरासरी सांगते. फुकुओका २२ मार्च, टोकियो २४ मार्च, क्योटो २६ मार्च, सेंदाई ८ एप्रिल, सप्पोरो १ मे. या तारखा पहिली फुलं उमलण्याच्या आहेत. पूर्ण बहर त्यानंतर साधारण आठवड्याने येतो, थंड प्रदेशात जरा लवकर. मग आठवडाभरात फुलं गळायला लागतात. मधे एक जोरदार पाऊस झाला तर त्याआधीच.

पण ही सरासरी आहे, मुहूर्त नव्हे. टोकियोत २०२३ साली १४ मार्चला फुलं उमलली आणि लगेच पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, २९ मार्च उजाडला. पंधरा दिवसांचा फरक! क्योटोत पूर्ण बहराच्या नोंदी बाराशे वर्षांपूर्वीपासूनच्या सापडतात, दरबारातल्या रोजनिशांमधून आणि पत्रांमधून जमवलेल्या. त्यात २०२१ चा २६ मार्च हा तोवरचा सगळ्यात लवकरचा बहर ठरला.

असं का होतं ते समजून घेतलं तर अंदाज बांधणं सोपं जातं. पुढच्या वर्षीची कळी आदल्या उन्हाळ्यातच धरते आणि झोपी जाते. हिवाळ्यातली कडक थंडी लागली की ती जागी होते आणि मग ऊब मिळेल तशी फुगत जाते. इथे एक ढोबळ हिशेब सांगतात. १ फेब्रुवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज करत जायची, ती ६०० अंशांच्या आसपास पोचली की टोकियोत फुलं उमलतात. म्हणजे फेब्रुवारी-मार्च उबदार गेले की बहर लवकर. सगळी झाडं एकदम का फुलतात याचंही कारण आहे. शहरांत लावलेला बहुतेक साकुरा सोमेइ-योशिनो नावाच्या एकाच जातीचा, आणि ती झाडं कलम करून वाढवलेली आहेत. एका झाडाची लाखो भावंडं म्हणा ना. त्यांना सारखीच ऊब लागते, म्हणून ती एकाच आठवड्यात फुलतात आणि एकाच आठवड्यात झडतात.

इथलं हवामान खातं २०१० पासून बहराचा अंदाज वर्तवत नाही, फक्त नेमून दिलेल्या झाडांवर लक्ष ठेवतं. टोकियोतलं असं झाड यासुकुनी मंदिराच्या आवारात आहे. त्यावर पाच-सहा फुलं उमललेली दिसली की बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं आणि त्याची टीव्हीवर बातमी होते. अंदाज मात्र खाजगी हवामान कंपन्या जानेवारीपासून देतात आणि दर आठवड्याला सुधारत जातात.

विमानाचं तिकीट तर चार महिने आधी काढावं लागतं. बहर चुकला तर?

एका शहराचं बुकिंग करून बसलात तर चुकू शकतो. माझी मावशी एका वर्षी ६ एप्रिलला क्योटोला पोचली तेव्हा नदीकाठची झाडं हिरवी झालेली होती आणि रस्त्याच्या कडेला तपकिरी पाकळ्यांचे ढीग होते. तिला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही नारा जिल्ह्यातल्या योशिनो डोंगरावर गेलो. तिथे सुमारे तीस हजार साकुरा आहेत, पायथ्यापासून माथ्यापर्यंत चार टप्प्यांत. बहर खालून वर चढत जातो, एप्रिलच्या सुरुवातीपासून पुढे दोन-तीन आठवडे. पायथ्याला फुलं सरली होती, मधल्या टप्प्यात डोंगर पांढरा-गुलाबी झाला होता आणि वरच्या झाडांवर अजून कळ्या होत्या. तीन आठवड्यांचा वसंत मावशीने एका दुपारी पायी चालून पाहिला.

म्हणून मी सांगते, राहण्याची सगळी बुकिंगं रद्द करता येतील अशी करा आणि एक वाट मनात धरून ठेवा. बहर लवकर आला तर उत्तरेला किंवा डोंगरात सरकायचं. एप्रिलच्या अखेरीला येत असाल तर आओमोरीतलं हिरोसाकी. तिथल्या किल्ल्याच्या बागेत २६०० च्या आसपास झाडं आहेत. हा सफरचंदांचा मुलूख. माळी साकुराची छाटणीही सफरचंदासारखी करतात, म्हणून एकेका कळीच्या झुबक्यात जास्त फुलं येतात. पाकळ्या गळायला लागल्या की किल्ल्याचा खंदक काठोकाठ गुलाबी होतो. पाण्यावर तरंगणाऱ्या या थराला जपानीत 'हाना-इकादा' म्हणतात, फुलांचा तराफा. मला स्वतःला झाडावरच्या फुलांपेक्षा हे दृश्य जास्त आवडतं.

मे उजाडला असेल तर होक्काइडो. आणि उलट, फेब्रुवारीतच यावं लागत असेल तर इझु द्वीपकल्पातलं कावाझु गाव. तिथली जात लवकर फुलते, रंगाने गडद असते आणि जवळजवळ महिनाभर टिकते.

मे महिन्याच्या सुट्टीत येणार आहोत. काही अडचण?

पहिला आठवडा टाळा. २९ एप्रिल, ३, ४ आणि ५ मे या चार सार्वजनिक सुट्ट्या, त्यात शनिवार-रविवार. याला इथे गोल्डन वीक म्हणतात आणि अख्खा देश प्रवासाला निघतो.

आई-बाबा पहिल्यांदा आले ते नेमके या आठवड्यात. मला तेव्हा इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, मला याची कल्पनाच नव्हती. ३ मेच्या सकाळी क्योटोला जायला स्टेशनवर गेलो तर राखीव जागा एकही नाही. बिनराखीव डब्यासाठी रांगेत उभे राहिलो, डब्यात शिरलो, आणि नागोया येईपर्यंत पावणेदोन तास बाबा दाराजवळ बॅगेला टेकून उभे होते. गुडघ्याचं दुखणं होतं त्यांचं. ते काही बोलले नाहीत, पण त्यांचा हात दांड्यावर घट्ट आवळलेला मी बघत होते. आता तर गोल्डन वीक, ओबोन (ऑगस्टमधला पितरांचा सण) आणि वर्षअखेर या तिन्ही गर्दीच्या काळांत नोझोमी या बुलेट ट्रेनना बिनराखीव डबेच नसतात. राखीव जागा प्रवासाच्या बरोबर महिनाभर आधी, सकाळी १० वाजता खुल्या होतात. या काळात यावंच लागलं तर ती वेळ चुकवू नका.

आठवडा संपला की चित्र पालटतं. मुलं बरोबर असतील तर तातेयामा-कुरोबेचा डोंगरी मार्ग आवर्जून करा. तो एप्रिलच्या मध्याला उघडतो. सुमारे २४५० मीटरवर मुरोदो नावाचं ठिकाण आहे. तिथे बर्फ कापून रस्ता केलेला असतो आणि दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती उभ्या असतात, काही वर्षी वीस मीटरपर्यंत उंच. भर मे महिन्यात! माझा भाचा साताऱ्यात चाळीस अंशांतून निघाला आणि चौथ्या दिवशी त्या भिंतीला हात लावून उभा होता. हातमोजे त्याने मुद्दाम काढून ठेवले होते.

जूनमध्ये पावसाळा असतो ना? मग तो महिना बादच?

मुळीच नाही. उलट मराठी माणसाने जूनमध्ये जरूर यावं, कारण पावसाची भीती आपल्याला नाही. इथल्या पावसाळ्याला 'त्सुयु' म्हणतात. टोकियोत तो साधारण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लागतो आणि जुलैच्या मध्याच्या सुमारास संपतो. ओकिनावात महिनाभर आधी. होक्काइडोत जवळपास नाहीच. आकडा सांगायचा तर टोकियोत जूनच्या अख्ख्या महिन्यात सुमारे १७० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईकरांना जुलैत आठशेच्या वर मिलिमीटर सोसायची सवय असते. आपल्याकडच्या मुसळधारेपुढे ही झिमझिम आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी पारदर्शक प्लास्टिकची छत्री पुरते.

त्सुयु लिहिताना दोन अक्षरं येतात, उमे आणि पाऊस. उमे हे जर्दाळूच्या कुळातलं आंबट फळ, ते या पावसात तयार होतं. जून लागला की आमच्या इथल्या दुकानात दाराशीच हिरव्या उमेच्या पिशव्या, खडीसाखर आणि मोठ्या काचेच्या बरण्या मांडतात. शेजारच्या आजींनी मला शिकवलं. फळं धुऊन पूर्ण कोरडी करायची, देठाची काळी टिकली दातकोरणीने एकेक काढायची, मग बरणीत फळांचा थर, साखरेचा थर. पाण्याचा एक थेंबही राहता कामा नये म्हणून त्या फडकं हातातून सोडत नव्हत्या. आई हे बघत होती. तिने कैऱ्या पुसायला घ्याव्यात तसं फडकं उचललं आणि त्यांच्या शेजारी बसली. एकीला जपानी येत नव्हतं, दुसरीला मराठी. तासाभरात बरणी भरली.

याच महिन्यात कामाकुराला हायड्रेंजियाची फुलं असतात, इथला शब्द 'आजिसाई'. हासेदेरा आणि मेइगेत्सुइन ही दोन देवळं त्यासाठी प्रसिद्ध आहेत, टोकियोहून रेल्वेने तासाभरावर. आम्लधर्मी मातीत ती निळी होतात, म्हणून जपानात निळ्या फुलांचं राज्य. ती पाऊस पडत असतानाच बघावीत, उन्हात मलूल दिसतात. आणि काजवे! नागानो जिल्ह्यातलं तात्सुनो जूनच्या मध्याला काजव्यांनी भरतं. भंडारदरा, पुरुषवाडीचे काजवे पाहिलेल्यांना नवल वाटणार नाही, पण ओळखीचं काहीतरी भेटल्याचा आनंद नक्की होईल.

जपानात बाहत्तर ऋतू असतात असं ऐकलं. खरं काय?

पंचांगात खरंच आहेत. वर्षाचे चोवीस भाग, प्रत्येकाचे तीन, म्हणजे पाच-पाच दिवसांचे बाहत्तर. मूळ चिनी. शिबुकावा शुन्काई या ज्योतिर्विदाने १६८५ च्या जपानी पंचांगासाठी ते इथल्या हवेला जुळवून घेतले. नावं वाचण्यासारखी आहेत. फेब्रुवारीच्या सुरुवातीला 'पूर्वेच्या वाऱ्याने बर्फ वितळतो', ११ जूनच्या सुमारास 'कुजलेल्या गवतातून काजवे होतात'. त्या दिवसांत आपल्याकडे मृग लागलेला असतो, शेतकरी नक्षत्राचं वाहन कोणतं ते बघत असतात आणि मखमली लाल मृगाचे किडे बांधावर निघतात. नक्षत्रांवर पाऊस मोजणाऱ्या माणसाला हे पंचांग परकं वाटणार नाही.

प्रवासासाठी त्याचा थेट उपयोग नाही. मिठाईच्या दुकानातला जिन्नस, हॉटेलातल्या कोनाड्यातलं फूल, ताटातली भाजी सारखी का बदलते, ते मात्र यावरून कळतं.

जुलै-ऑगस्टचा उन्हाळा आम्हाला काय जड जाणार, आम्ही तर नागपूरचे!

नागपूरच्या पाहुण्यांनीच मला सगळ्यात जास्त तक्रार केली आहे. विदर्भातला मे कोरडा असतो. टोकियोचा ऑगस्ट ३५ अंश आणि वर समुद्राची दमट हवा, म्हणजे मुंबईच्या ऑक्टोबरला आणखी तापवल्यासारखा. घाम येतो पण वाळत नाही. रात्रीही पारा पंचविसाच्या खाली उतरत नाही. ५ ऑगस्ट २०२५ ला गुन्मा जिल्ह्यातल्या इसेसाकीत ४१.८ अंशांची नोंद झाली. इथे रोज पंधरा-वीस हजार पावलं चालणं होतं, हे विसरू नका. लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर टोकियो-क्योटो-ओसाकासाठी हे दोन महिने नकोत.

पण उत्सव याच महिन्यांत असतात, त्याचं काय करायचं? क्योटोचा गिओन मात्सुरी जुलैभर चालतो, त्याचे उंच लाकडी रथ १७ आणि २४ तारखेला निघतात. ते वळवताना ओली बांबूची कामटी चाकांखाली घालतात आणि दोर ओढून अख्खा रथ तिच्यावरून घसरवतात. आओमोरीचा नेबुता २ ते ७ ऑगस्ट, आतून उजळलेल्या प्रचंड कागदी वीरमूर्तींची मिरवणूक. गणपतीच्या मिरवणुकीत वाढलेल्या माणसाला ढोलाचा तो ठेका पायात शिरतोच. शिकोकू बेटावरच्या तोकुशिमात १२ ते १५ ऑगस्ट आवा-ओदोरीचं नृत्य. १६ ऑगस्टच्या रात्री क्योटोभोवतीच्या डोंगरांवर आगीने काढलेली अक्षरं पेटतात, ओबोनसाठी घरी आलेल्या पितरांना निरोप द्यायला. हे बघायचं तर या, पण दुपारी १२ ते ४ सावलीत काढा.

उन्हापासून पळायचं असेल तर होक्काइडोला फुरानो, जिथे जुलैच्या मध्याला लव्हेंडर भरात असतो, किंवा १५०० मीटरवरचं कामिकोची. फुजी चढायचा मोसमही हाच, जुलैच्या सुरुवातीपासून १० सप्टेंबरपर्यंत. २०२५ पासून सगळ्या वाटांवर ४००० येन शुल्क आहे.

वादळांचं काय?

ऑगस्ट ते ऑक्टोबर. तारीख कोणालाच सांगता येत नाही, पण तीन-चार दिवस आधी वाट कळते. रेल्वे कंपन्या आदल्या दिवशीच गाड्या बंद ठेवायचं जाहीर करतात. १२ ऑक्टोबर २०१९ ला हागिबिस वादळ आलं तेव्हा टोकियो सुनसान झालं होतं. आम्ही बाथटब पाण्याने भरून ठेवला आणि खिडक्यांवर चिकटपट्ट्या लावल्या. या काळात येत असाल तर एकच करा, परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री विमानतळाच्याच शहरात मुक्काम ठेवा. दुरून त्याच दिवशी येण्याचा बेत नको.

दिवाळीच्या सुट्टीत लाल पानं दिसतील का?

दिसतील, पण क्योटोत नाही, आणि निराशा होते ती इथेच. रंगलेल्या पानांचा प्रवास साकुराच्या उलट असतो: उत्तरेकडून दक्षिणेला आणि माथ्यावरून पायथ्याला. होक्काइडोतल्या दाइसेत्सुझानच्या शिखरांवर सप्टेंबरच्या मध्यालाच सुरुवात होते. टोकियोच्या उत्तरेला असलेल्या निक्कोत वरचा भाग ऑक्टोबरच्या मध्याला, खालची देवळं नोव्हेंबरच्या सुरुवातीला. क्योटो १५ नोव्हेंबरनंतर रंगायला लागतं आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टिकतं. टोकियोतली पिवळीजर्द गिंको नोव्हेंबरच्या अखेरीला.

तेव्हा दिवाळी ऑक्टोबरात आली तर तोहोकूचे, म्हणजे ईशान्य जपानचे, डोंगर आणि निक्को. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आली तर निक्को, कारुइझावा आणि मग कावागुची तलाव, जिथे लाल मेपलच्या मागे फुजी उभा असतो. निक्कोच्या वरच्या भागात चढणारी इरोहाझाका ही नागमोडी वाट शनिवार-रविवारी गाड्यांनी पूर्ण तुंबते. मधल्या वारी जा, आणि सकाळी लवकर.

सप्टेंबर अनेकजण सोडूनच देतात, पण अखेरचा आठवडा मला प्रिय आहे. शरद संपाताच्या आसपास 'हिगान' असतो, घरोघरची माणसं पूर्वजांच्या थडग्यांवर जाऊन ती धुतात, फुलं वाहतात, भात आणि गोड चवळीसारख्या लाल दाण्यांच्या पुरणाचे 'ओहागी' गोळे ठेवतात. आपला पितृपंधरवडाही बहुधा त्याच सुमाराला येतो. तेव्हाच बांधाबांधावर हिगानबाना ही लाल फुलं उगवतात, पान एकही नाही, नुसता दांडा आणि वर फूल. साइतामातल्या किन्चाकुदाला नदीच्या वळणावर ती जंगलभर पसरलेली असतात.

बर्फ बघायचाय. टोकियोत डिसेंबरमध्ये पडतो का?

टोकियोत बर्फ क्वचित, आणि पडलाच तर बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत. हे कोडं सह्याद्रीवरून चटकन सुटतं. आपल्याकडे पावसाळी वारे अरबी समुद्रावरून पाणी घेऊन येतात, घाटाला अडतात, कोकणाला झोडपतात आणि माण-खटाव कोरडं राहतं. इथे हिवाळ्यात सायबेरियातून कोरडे गार वारे निघतात, जपानच्या समुद्रावर बाष्प पितात, मधल्या डोंगररांगेला अडतात आणि पश्चिमेकडे बर्फ ओततात. टोकियो पलीकडच्या बाजूला, म्हणजे या बर्फाच्या पर्जन्यछायेत. म्हणून टोकियोचा हिवाळा कोरडा, लख्ख उन्हाचा.

हे डोळ्यांनी बघायचं तर जानेवारीत टोकियोहून शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) एचिगो-युझावाला जा, सव्वा-दीड तास लागतो. गुन्मापर्यंत निळं आकाश, करडी शेतं. मग वीस-बावीस किलोमीटरचा बोगदा. आई खिडकीशी बसली होती. बोगदा संपला तेव्हा घरांच्या कौलांवर माणसाच्या उंचीचे थर होते आणि रस्त्यांवर जमिनीतून पाण्याचे फवारे उडत होते, बर्फ वितळवायला. पुढच्याच गाला-युझावा स्टेशनातून थेट बर्फाच्या उतारावर जाता येतं. मुलांना नुसतं घसरायचं असेल तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

ज्यांना मुक्काम करायचाय त्यांच्यासाठी: सप्पोरोचा हिमोत्सव फेब्रुवारीच्या सुरुवातीला, झाओच्या डोंगरावर बर्फाने मढून राक्षसांसारखी दिसणारी झाडं फेब्रुवारीत, आबाशिरीला समुद्रावर तरंगून येणारा बर्फ फेब्रुवारीत, आणि शिराकावा-गोच्या गवती छपरांची रात्रीची रोषणाई जानेवारी-फेब्रुवारीतल्या मोजक्या दिवशी, तीही आधी नोंदणी केलेल्यांनाच.

फुजी हमखास कधी दिसतो?

डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी. आमच्या दहाव्या मजल्यावरून तो हिवाळ्यात आठवड्यातून चार-पाच दिवस दिसतो, जून ते ऑगस्टमध्ये महिन्यातून एखाद-दोनदा. फुजी हेच मुख्य कारण असेल तर उन्हाळ्यात येऊ नका. बर्फाची टोपी हवी असेल तर ऑक्टोबरवर विसंबू नका. २०२४ साली पहिला बर्फ ७ नोव्हेंबरला दिसला, नोंदी सुरू झाल्यापासून इतका उशीर कधीच झाला नव्हता.

नाताळच्या सुट्टीत आलो तर सगळं बंद असतं का?

नाताळ इथे सुट्टीचा दिवस नाही, सगळं चालू. बंद होतं ते २९ डिसेंबर ते ३ जानेवारी: संग्रहालयं, बरीच छोटी हॉटेलं, कार्यालयं. देवळं मात्र ३१ च्या मध्यरात्रीपासून गजबजतात. आणखी एक, टोकियोत डिसेंबरमध्ये साडेचारला सूर्य मावळतो. सकाळी आठला बाहेर पडलात तरच दिवस हाती लागतो.

सगळ्यात स्वस्त काळ?

८ जानेवारीनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत (चिनी नववर्षाचा आठवडा आणि बर्फाची ठिकाणं सोडून), आणि जून. सगळ्यात महाग मार्च-अखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा, गोल्डन वीक, ऑगस्टचा मध्य आणि क्योटोतला नोव्हेंबर.

फेब्रुवारीला गरीब समजू नका. मितोच्या काइराकुएन बागेत उमेची सुमारे तीन हजार झाडं तेव्हा फुलतात. उमेला सुगंध असतो, सोमेइ-योशिनोला जवळपास नाही. आणि झाडाखाली तुम्ही आणि दोन-चार आजी-आजोबा एवढीच माणसं.

आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत.

मेचा उत्तरार्ध किंवा ऑक्टोबर-अखेर ते नोव्हेंबर. क्योटोची देवळं पायऱ्यांची असतात, तेव्हा दिवसाला दोनच ठिकाणं ठेवा. दमा किंवा सतत शिंका येण्याचा त्रास असेल तर फेब्रुवारी-अखेर ते एप्रिल टाळा. दुसऱ्या महायुद्धानंतर लावलेल्या 'सुगी' या जपानी देवदाराच्या जंगलांतून तेव्हा परागकणांचा धुरळा उडतो, अर्धं टोकियो मास्क लावून फिरतं.

आम्ही शाकाहारी आहोत. ऋतूने काही फरक पडतो?

सूपमध्ये आणि रश्श्यात माशाचा अर्क असतो, ती अडचण बाराही महिने. पण ताजं खाणं ऋतूप्रमाणे भरपूर मिळतं. वसंतात मिठात मुरलेल्या पानात गुंडाळलेला साकुरा-मोची, उन्हाळ्यात यामानाशीचे पीच, शरदात चेस्टनट आणि पर्सिमन, हिवाळ्यात मिकान संत्री आणि गाडीवरची भाजलेली रताळी. जानेवारी ते मे शेतात जाऊन स्ट्रॉबेरी तोडून खाता येतात. मठातलं शोजिन, म्हणजे भिक्षूंचं शाकाहारी जेवण मागताना तिथेही आधी सांगून ठेवा की माशाचा अर्क चालत नाही.

तारखा पक्क्या करण्याआधी काय तपासू?

आधी जपानी सुट्ट्यांचं कॅलेंडर, मग भाड्याचे दर, मग व्हिसा. पर्यटक व्हिसा मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत देशात शिरावं लागतं, त्यामुळे सहा महिने आधी अर्ज करून उपयोग नाही. राहण्याची जागा मात्र साकुरा आणि क्योटोतल्या नोव्हेंबरसाठी सहा महिने आधीच धरा, रद्द करता येईल अशी. आणि जपान रेल्वेचा सात दिवसांचा पास घेण्याआधी बेरीज करा. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याची किंमत २९,६५० वरून ५०,००० येन झाली. टोकियो-क्योटो जाऊन-येऊन एवढाच बेत असेल तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात. हिरोसाकी, सेंदाई, निक्को अशी बहराच्या मागे धावणारी फेरी असेल तर पूर्वेकडचे विभागीय पास बघा.